पाच बेचाळीसची नोंद

या पानावर लिहायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आपल्या दिल्लीच्या मराठी मंडळाच्या मासिकातलं हे 'अनुभवांचं' पान मी वाचतच नाही, ऐकते. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर बसणारे शिंदेकाका ते मला दर महिन्याला मोठ्याने वाचून दाखवतात आणि मी खो खो हसते. चिंचेखालची बाई, बंद खोलीतली पावलं, आजारी माणसाच्या उशाशी येऊन बसणारी काळी मांजर... एकदा तर हसताना चहा कपड्यांवर सांडला होता. भुतंखेतं, संकेत, कौल, आतला आवाज यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं लिहायला हात धजावत नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि त्याची नोंद माझ्या कॉम्प्युटरवर अजून आहे.

आधी माझ्याबद्दल. मी मुग्धा. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आयटीमध्ये आहे. सकाळी सरोजिनी नगर मेट्रोपाशी शिंदेकाका भेटतात, तिथून धौलाकुआँपर्यंत ऑटो शेअर, आणि पुढे कंपनीची बस. काका मूळचे नाशिकचे. तीस वर्षं दिल्लीत काढली तरी भाजीवाल्याशी हिंदीत बोलताना मध्येच 'अहो' म्हणतात. कंपनीत टूलरूमचे, म्हणजे मशीनचे साचे (डाई) सांभाळणाऱ्या विभागातले, सीनियर. मला मुलगी नाही म्हणून तुला ओरडून घेतो, असं ते म्हणतात आणि खरंच ओरडतात.

माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. कंपनीने लोकांना दिलेल्या फोनवर आणि टॅबवर काय चालेल आणि काय चालणार नाही, याचे नियम मी ठरवते. त्याला पॉलिसी म्हणतात. उदाहरणार्थ, फॅक्टरीच्या फ्लोअरवरच्या फोनचा कॅमेरा बंद आणि त्यावरून फक्त कंपनीच्या आतल्या आत फोन लागणार, बाहेर नाही. एकदा नियम लावला की शेकडो फोनवर आपोआप लागतो. पण प्रत्येक नियमाला काही अपवाद असतात. कोणाकोणाला त्यातून वगळायचं, ही यादीच या कामातली खरी मेख आहे.

हे मला शिकवलं त्यागीजींनी. मेरठचे. माझ्या आधी या खुर्चीवर तेच होते. कुठलीही पॉलिसी कॉपी करायच्या आधी ते एक निळं रजिस्टर उघडायचे आणि वगळलेले फोन पेन्सिलने एकेक मोजायचे. "अंदर वाले तो मशीन गिन लेगी, मुग्धा. जो बाहर रखे हैं, पहले उनको गिनो." ज्याला सगळ्यात आधी हात लावायचा त्याच्यापुढे ते लिहायचे, 'पहले ये'. कॉम्प्युटरमध्ये नोंद करताना आम्ही सगळे इंग्रजीत लिहितो. त्यागीजी एकटे हट्टाने देवनागरीत लिहायचे. दोन वर्षांपूर्वी ते वारले. रजिस्टर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता गोष्ट. आमचा दुसरा प्लँट तयार झाला, जुन्यापासून तीनेक किलोमीटरवर. बुधवारी तिथला पहिला दिवस. जुन्या प्लँटच्या अडतीस पॉलिसी नव्यासाठी जशाच्या तशा कॉपी करायच्या होत्या. हाताने केल्या तर दोन-तीन दिवसांचं काम. पण आमच्याकडे नवीन टूल आलं होतं, एआय एजंट चालवणारं. त्याला साध्या भाषेत सांगायचं की हे हे करून दे, मग तो स्वतः पानं उघडतो, वाचतो, कॉपी करतो, नावं बदलतो, आणि प्रत्येक पाऊल वेळेसकट लिहून ठेवतो. हा जो लिहिलेला हिशोब, तो लॉग. मी लॉग वाचणारी बाई आहे. माझ्या दुनियेत जे घडतं ते लॉगमध्ये असतं, आणि जे लॉगमध्ये नाही ते घडलेलं नसतं.

मंगळवारी दुपारी दोनला मी एजंटला कामाला लावलं. चार वीसला त्याने निरोप दिला, अडतीसच्या अडतीस झाल्या. मी दोन-तीन उघडून बघितल्या. झकास! निळं रजिस्टर ड्रॉवरमध्येच होतं. काढावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण म्हटलं, मशीनने केलंय, पेन्सिलने काय मोजायचं? बुधवारी दहाला आमच्या आयटीच्या साहेबांना हे टूल दाखवायचं होतं आणि मला मिरवायचं होतं. सरळ सांगते.

सव्वापाचच्या बसने निघालो. लॅपटॉप बंद करून बॅगेत, बॅग पायाशी. टोलनाक्याला नेहमीची रांग. काकांनी मासिक काढलं आणि कुठल्याशा विहिरीजवळ दिसणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट वाचायला घेतली. मी हसायला लागले.

"हस, हस," काका म्हणाले. "तुझा तो एजंट तरी तुला कुठे दिसतो गं?"

"काका, तो दिसत नसला तरी त्याचा लॉग असतो."

"आणि म्हाताऱ्याचा?"

"म्हाताऱ्याचा लॉग नसतो. म्हणून तो नसतो."

काका हसले. मग छातीच्या मध्यावर हात चोळत म्हणाले, "कँटीनचे छोले बाधले वाटतं. अ‍ॅसिडिटी झालीय." आणि खिशातून पुदिन्याच्या दोन गोळ्या काढल्या. एक मला, एक त्यांना. माझी नजर बसमधल्या घड्याळावर गेली, कारण ट्रॅफिक किती लागणार याचा मी अंदाज घेत होते. पाच चाळीस वाजून गेले होते. हे मला पक्कं आठवतं आणि पुढे ते महत्त्वाचं आहे.

बुधवारी सकाळी नऊला ऑफिसात पोचते तोच फोन. नव्या प्लँटचे हेड. "मुग्धाजी, मेरा कैमरा क्यों बंद है? मैं मशीनों की फोटो कैसे भेजूँ?"

मी डोक्याला हात लावला. लगेच कळलं काय झालंय. एजंटने नियम कॉपी केले होते, ज्यांना लावायचे ते गट कॉपी केले होते, पण वगळायच्या याद्या कॉपी केल्या नव्हत्या. टूल त्या उचलतच नाही. म्हणजे जुन्या प्लँटमध्ये ज्यांना ज्यांना सूट होती, ते सगळे नव्या प्लँटमध्ये नियमात अडकणार. रजिस्टर उघडलं. एकूण अकरा जणांना सूट होती. त्यात प्लँट हेड होते. सिक्युरिटीचे दोन फोन होते. आणि पहिल्याच ओळीवर, त्यागीजींच्या अक्षरात, 'मेडिकल रूम' आणि पुढे 'पहले ये'.

आता नीट ऐका. आमच्याकडे आत जाताना सगळ्यांचे स्वतःचे मोबाईल गेटवर लॉकरमध्ये जमा होतात, नर्सचासुद्धा. नव्या प्लँटमध्ये लँडलाइन अजून आली नव्हती. म्हणजे मेडिकल रूमला जो कंपनीचा फोन मिळणार, तोच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध. त्याला सूट नसेल तर त्यावरून ना अँब्युलन्सला फोन लागणार, ना हॉस्पिटलला फोटो जाणार. हे मला माहीत होतं. नऊ वाजता माहीत होतं.

सव्वानऊपर्यंत मी एकाला सूट दिली. घड्याळ बघितलं. प्रेझेंटेशनची तयारी बाकी होती. म्हटलं, फोन तर आज वाटले जाणार, मेडिकल रूममध्ये पहिल्याच दिवशी असं काय होणार... उरलेले दहा जेवणानंतर.

दहाला साहेबांसमोर उभी राहिले. छान झालं. साहेब दोनदा 'बहुत बढ़िया' म्हणाले. तरंगतच जागेवर आले.

अकरा वीसला डेस्कवरचा फोन वाजला. नव्या प्लँटच्या स्टोअरमधून बलबीरजी. साठीला आलेले स्टोअरकीपर, कधी घाई न करणारे. आज नमस्कारही न करता बोलायला लागले. "मैडम, आपके शिंदे साहब गिर गए. प्रेस पर डाई बिठा रहे थे, सीना पकड़ा और बैठ गए. मेडिकल में ले गए हैं."

काका त्या दिवशी नव्या प्लँटवर गेले होते. सकाळी बसमध्ये सांगितलंही होतं. आणि मी ते विसरले होते.

पासवर्ड दोनदा चुकला. मेडिकल रूमचा फोन शोधला. सकाळी नऊ चाळीसला चालू होऊन यादीत आलेला. म्हणजे पावणेदोन तास तो फोन बंद दारासारखा तिथे पडला असणार. सूट द्यायला मी बोट ठेवणार, एवढ्यात समोरची ओळ वाचली. फ्लोअर फोनची पॉलिसी: लागू नाही.

मला वाटलं, चुकीचा फोन उघडला. परत बघितलं. तोच. लागू नाही. काही न कळून मी सरळ त्या फोनवर फोन केला. अनिता सिस्टरनी उचलला आणि एका दमात म्हणाल्या, "मैडम, लाइन खाली रखिए, डॉक्टर साहब का फोन आ रहा है, ईसीजी का फोटो भेज दिया है," आणि ठेवून दिला.

कंपनीच्या गाडीने मी पोचले तेव्हा स्ट्रेचर अँब्युलन्समध्ये चढत होतं. काकांच्या तोंडाला मास्क, चेहरा राखेसारखा. मला बघून त्यांनी एक बोट हलवलं. मी मोठ्याने रडले, गेटवरच्या सगळ्या गार्डांसमोर. लाज वाटली नाही.

सिस्टर नंतर म्हणाल्या की डॉक्टरांनी फोटो बघून फोनवरच कोणती गोळी चघळायला द्यायची ते सांगितलं आणि हॉस्पिटलमध्ये पुढची तयारी करून ठेवली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "वक़्त पर आ गए." काका वाचले. या गोष्टीत तेवढं एक निश्चित आहे.

संध्याकाळी परत जागेवर बसले, कारण माझ्या डोक्यातून ती ओळ जाईना. फोनला सूट कोणी दिली? अडतीसपैकी सदतीस पॉलिसींमध्ये वगळायची जागा रिकामी होती, सकाळी ऑफिसच्या फोनच्या पॉलिसीत मी केलेली एक दुरुस्ती सोडली तर. फक्त फ्लोअर फोनच्या पॉलिसीत एक अट टाकलेली होती: सिरीयल नंबरचे शेवटचे आकडे ७३१८ असतील तर हा नियम लावू नये. खाली कारण लिहायच्या चौकटीत, देवनागरीत: 'मेडिकल रूम. पहले ये.'

नोंद करणाऱ्याचं नाव: माझं. वेळ: मंगळवार, संध्याकाळी पाच बेचाळीस.

मी खुर्चीला टेकून बसले. मग रीतसर कामाला लागले, कारण घाबरण्यापेक्षा मला ते बरं जमतं. नाव माझं, यात नवल नाही, एजंट माझ्याच लॉगिनवर काम करतो. देवनागरी आणि 'पहले ये' यातही एकवेळ नवल नाही. त्यागीजींच्या जुन्या नोंदी एजंटने कॉपी करताना वाचल्या असतील आणि त्यांची ढब उचलली असेल. ही मशीनं असली नक्कल सर्रास करतात. मग वेळ? एजंटचा लॉग चार वीसला संपतो. त्यानंतर एक अक्षर नाही. पाच बेचाळीसला माझा लॅपटॉप टोलनाक्याच्या रांगेत माझ्या पायाशी बंद होता आणि मी पुदिन्याची गोळी चघळत होते. माझ्या नावाने दुसऱ्या कुठून कोणी आत शिरलं का? नाही. तेही तपासलं, दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घेतलं. घड्याळ चुकलं असेल? बाकीच्या सगळ्या नोंदींच्या वेळा बरोबर आहेत. टूल बनवणाऱ्यांना लिहिलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं की आमच्याकडे अशा कृतीची नोंद नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. अभय शांतपणे भात कालवत म्हणाला, "अगं, तूच केलं असशील. घाईत केलंस आणि विसरलीस. बिल्कुल होऊ शकतं."

"केलंही असेल," मी म्हटलं. "पण नंबर मला कुठून कळला?"

कारण सगळं समजावून सांगता येईल, फक्त हा नंबर नाही. मंगळवारी संध्याकाळी नव्या प्लँटसाठी आणलेले पन्नास फोन तिथल्या स्टोअरमध्ये सीलबंद खोक्यांत होते. त्यांचे नंबर फक्त बलबीरजींच्या फाइलमधल्या, मालासोबत आलेल्या कागदी चलनावर होते. तो कागद कोणी स्कॅन केलेला नव्हता, एजंटपर्यंत पोचलेला नव्हता, मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आणि समजा पाहिला असता, तरी पन्नासातला कोणता फोन मेडिकल रूमला जाणार हे कोणाला ठाऊक होतं?

मी बलबीरजींकडे गेले. ते म्हणाले, मेडिकलसाठी वरच्या खोक्यातला पहिला फोन त्यांनी बाजूला काढला होता. बुधवारी सकाळी तो सुरूच होईना. मग दुसरं खोकं फोडलं, आत हात घातला, तळाशी जो लागला तो काढला.

"तळाचाच का?"

"हाथ में जो आया, उठा लिया."

मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बिचारे वैतागले. "मैडम, मैंने कोई चोरी की है क्या?"

त्या फोनचे शेवटचे आकडे ७३१८ होते, आणि त्याच आकड्यांवर संपणारा दुसरा एकही नंबर पन्नासांत नव्हता. मी चलन हातात घेऊन एकेक ओळ तपासली. पेन्सिलने.

दीड महिन्याने काका बसमध्ये परत आले. बारीक झाले होते, छोले बंद झाले होते, ओरडणं चालू होतं. टोलनाक्याला मी त्यांना सगळं सांगितलं. नोंद दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोनदा वाचली.

"याचा लॉग नाही?"

"नाही, काका."

मला वाटलं आता चिडवतील. म्हाताऱ्याची आठवण काढतील. त्यांनी फक्त खिशातून पुदिन्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "त्यागी भला माणूस होता." मग म्हणाले, "लिही तू हे. इतकी वर्षं माझ्याकडून ऐकून हसतेस, आता तूही एक दे."

म्हणून लिहिलं. मी अजूनही तीच बाई आहे, लॉग वाचणारी. एजंट अजून वापरते आणि तो उत्तम काम करतो. त्याच्यावर माझा राग नाही. फक्त आता कुठलीही पॉलिसी कॉपी करायच्या आधी निळं रजिस्टर टेबलावर येतं. ती पाच बेचाळीसची अट मी काढलेली नाही. तिचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर मला जरूर कळवा, पण आधी मी वर जे तपासलं ते सगळं तपासून मग कळवा.

आणि एक राहिलं. काकांना मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. सकाळी नऊला मला अकराच्या अकरा माहीत होते, आणि हातात एकापुरता वेळ होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. या महिन्याचा अंक आला की काका नेहमीसारखे हे पान उघडतील आणि टोलनाक्याच्या रांगेत मोठ्याने वाचायला घेतील. मी शेजारीच बसलेली असेन. इथपर्यंत वाचून झालं की थोडं थांबा, काका, आणि ही शेवटची ओळ मनातल्या मनात वाचा. मी आधी प्लँट हेडचा कॅमेरा सुरू केला होता.